आचलची कॅसेट

प्रफुलने यादीतली जुनी लग्नं एका फटक्यात निवडली, पुसायचं बटण दाबलं आणि जेवणाचा डबा उघडला. लगीनसराई लागली होती. गोंडपिपरीत त्याच्या केबलवरून दिसणारे सिनेमे, नाटकं, लग्नं, सगळं या खोलीतल्या एकाच कॉम्प्युटरमध्ये मावायचं, आणि तो आता गळ्यापर्यंत भरला होता. नियम त्याचाच होता: ज्याच्या नावावर वर्षभर फर्माईश नाही, ते पुसायचं. जेवण होईस्तोवर जागा झाली आणि त्या जागेवर नवी लग्नं चढू लागली.

बाजाराच्या दिवशी मनसारामभाऊ आले. तलावातले मासे विकून झाले की ते यायचे आणि वास नको म्हणून दाराबाहेरच उभे राहायचे.

"आचलची कॅसेट लाव जो, भाऊ."

आचल त्यांची लेक. मागच्या पावसाळ्यात मेंदूच्या मलेरियाने गेली. त्याआधी शेजारच्या बिरजूच्या लग्नात ती पंगतीत पाणी वाढत होती, तेव्हा शूटिंगवाल्याकडे पाहून हसली होती. तिचं हलतंबोलतं रूप तेवढंच उरलं होतं. कॅसेट अशी नव्हतीच, पण सगळे तिला आचलची कॅसेट म्हणायचे आणि फर्माईशही त्याच नावाने लिहिली जायची. कॉम्प्युटरच्या यादीत मात्र ते 'बिरजूचं लग्न' या नावाने होतं. बिरजूच्या नावावर वर्षभरात कोणीच काही मागितलं नव्हतं.

हे प्रफुलच्या ध्यानात आलं तेव्हा भाऊ अजून दारातच होते. त्याने यादी पुन्हा खालवर पाहिली; बिरजूचं लग्न गेलं होतं.

"उद्या दुपारी लावतो," तो म्हणाला.

संध्याकाळी तो बिरजूकडे गेला. त्यांची सीडी शेतात पाखरं हाकलायला टांगलेली होती, पार ओरखडलेली. शूटिंगवाल्याने मूळ टेपवर केव्हाच दुसरं लग्न घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रफुलने कुठल्याशा गावचं लग्न लावलं आणि फोनकडे पाहत बसला. फोन वाजला नाही.

पुढच्या बाजाराला भाऊ पुन्हा दारात.

"या खेपेले आवाज बेस येत होता. अशीच लावत जा."

म्हणजे काय, हे प्रफुलला कळेना. खरं सांगायच्या ऐवजी त्याने फर्माईश लिहून घेतली. तेच परकं लग्न तो दर आठवड्याला लावत राहिला. कोणी चारचौघांत कानाखाली वाजवली असती तर बरं वाटलं असतं.

मग एका दुपारी भाऊंची बायको, ताराबाई, आली. ती सरळ आत येऊन स्टुलावर बसली.

"पुसली गेली का, भाऊ?"

प्रफुलने मान हलवली. "माह्या हातानं झालं, बाई. मी सांगतो त्यायले."

"नोका सांगू."

"पण ते पाह्यतेत ना?"

"नाई पाह्यत. एकदाबी नाई पाह्यली. टीवी लावून देतेत अन् आंगनात जाळं घेऊन बसतेत, टीवीकडं पाठ करून. ब्यांड वाजला का समजतेत, चालू झाली." तिने पदर सारखा केला. "पोरगी गेली तवा त्यायच्या डोळ्याले पाणी नाई आलं. आता नाई सोसनार त्यायले."

पंखा गरगरत होता. प्रफुलला माफी मागायचीही लाज वाटली.

"मी पाह्यतो," ताराबाई आपणहून म्हणाली. "पह्यल्या दिवशी पाह्यत राह्यलो, आता पोरगी येईल, मंग येईल. नाई आली. आता तुमच्या त्या लग्नात एक पोरगी हाय, हिरव्या परकराची. नवरीच्या मांगं मांगं रायते. तिची वेणी सुटते अन् कोनी बांधून देत नाई."

"कोणाची हाय ती?"

"का मालूम." ती उठली. दाराशी जाऊन थांबली. "ते लगन पुसू नोका, भाऊ. भरलं त दुसरं पुसा."