बटणाखालची हळद

मी एक घड्याळ बोलतोय. वेळ सांगणं हे माझं रोजचं काम, पण आज स्वतःविषयी चार शब्द सांगावेसे वाटतात. जालन्याकडच्या वाटूर गावात चांगुणाबाईंच्या घरात, देवळीशेजारच्या खुंटीवर मी टांगलेला आहे. माझा सेकंदाचा मोठा काटा फिरतोय. तो का फिरतोय आणि कुणासाठी, हे कळायला तुम्हाला माझ्यासोबत थोडं मागे यावं लागेल.

माझा जन्म लांबच्या, थंड डोंगराळ मुलखातला. तबकडी काळी, आकडे पांढरे आणि ठसठशीत. उजव्या अंगाला चावी, आणि चावीच्या वर एक व खाली एक अशी दोन बटणं. वरचं बटण दाबलं की मोठा काटा धावू लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो. खालचं दाबलं की मुकाट्याने शून्यावर जाऊन बसतो. किती मिनिटं धावला याचा हिशेब तबकडीतल्या छोट्या गोलात उमटतो. अशा घड्याळाला क्रोनोग्राफ म्हणतात. नाव भारदस्त आहे खरं, पण जालन्यात त्या नावाने मला एकाही माणसाने हाक मारली नाही. सगळ्यांच्या तोंडी मी 'दोन बटनांचं काळं घड्याळ'.

फौजेतल्या कुणा साहेबाच्या मनगटावरून उतरून मी जालन्याच्या मस्तगड भागात रामकिसन घड्याळजीच्या दुकानात आलो. तिथे काचेच्या कपाटात माझ्या दोन्ही बाजूंना सोनेरी घड्याळं होती. लग्नसराई आली की मुलीकडची माणसं नवरदेवासाठी घड्याळ बघायला येत आणि शेजारचं एखादं सोनेरी घड्याळ वाजतगाजत निघून जाई. मला हातात घेऊन कुणी विचारी, "हे बटन दाबल्यावर रेडिओ लागतो का?" कुणी म्हणे, "काळं कुठं लग्नात देत्यात का?" मला पुन्हा कपाटात ठेवलं जाई. सुरुवातीला वाईट वाटायचं, नंतर वाईट वाटायचाही कंटाळा आला.

चौऱ्याहत्तर सालचा पोळा नुकताच झाला होता. एका सकाळी दुकानात एक उंच, सावळा तरुण आला आणि त्याच्यामागे डोक्यावरचा पदर सावरत त्याची आई. तो साहेबराव आणि त्या चांगुणाबाई. वाटूरच्या या शेतकऱ्याच्या मुलाने नागपूरला विमान चालवायचं शिक्षण घेतलं होतं आणि कपाशीवर औषध फवारणाऱ्या विमानावर त्याला नोकरी लागली होती. आईला हे उडणं मुळीच पसंत नव्हतं. पण लेक ऐकत नाही म्हटल्यावर तिने एक हट्ट धरला होता, की त्याला लागणारं घड्याळ तिनेच घेऊन द्यायचं.

"हे घे की साहेबा," एका सोनेरी घड्याळावर बोट ठेवून ती म्हणाली. "कसं झळकून राह्यलं बघ! लोकाला कळंल तरी चांगुणाचा लेक विमान चालवतो."

"माय, झळकतं तेच नको. उन्हात डोळ्यावर मारतं."

त्याची नजर माझ्यावर आली आणि मग सुरू झाली माझी परीक्षा! त्याने खिशातून चामड्याचा हातमोजा काढून घातला आणि जाड बोटांनी माझी बटणं दाबून पाहिली. हात लांब धरून इंजिन हादरतं तसा हलवला, एक ओझरती नजर टाकली, तोंड फिरवलं आणि वेळ स्वतःशीच म्हणून पाहिली. मला टेबलाखालच्या अंधारात नेऊन आकडे दिसतात का ते बघितलं. हादऱ्यांनी सुटणार नाही असा जाड पट्टा मागितला. रामकिसन डोळ्याचं भिंग काढून बघतच राहिला.

"अहो, पोरगी पाहताना बी लोक इतकं पाहत न्हाईत!"

"पोरगी पाहताना चूक झाली तर माणूस मरत न्हाई, भाऊ," साहेबराव हसत म्हणाला.

आईला मात्र हसू आलं नाही. तिने विचारलं, "एवढं काय काम आहे रं ह्याचं?"

तो तिच्याजवळ बसला. "आमच्या विमानातला पेट्रोलचा काटा भरवशाचा न्हाई, माय. सारखा डुलत राहतो. म्हणून उडालो की हे वरचं बटन दाबायचं. ह्या छोट्या गोलातला काटा इथपर्यंत आला की समजायचं टाकी रिकामी होत आली. काम अर्धं असलं तरी सोडायचं अन् खाली यायचं."

तिने मला उचलून तळहातावर घेतलं. "म्हंजे हे तुला घरी आणून सोडणार?"

"तसंच समज."

"मंग काळं असू दे न्हाई तर निळं. हेच द्या, भाऊ."

रामकिसनने मला फडक्याने पुसलं आणि बजावलं, "पाण्यापासून जपा. बटनांच्या फटीतून पाणी आत गेलं की कामातून गेलं." साहेबरावने मान डोलावली. पण ते वाक्य खरं मनावर घेतलं चांगुणाबाईंनी, आणि त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

आमचे दिवस मजेत सुरू झाले. गावाबाहेरच्या मुरमाच्या धावपट्टीवरून सकाळी वारा पडलेला असताना आम्ही उडायचो. साहेबराव बटण दाबायचा आणि माझा काटा सुटायचा. खाली कपाशीच्या टोकाला त्याचा काका कडूबा जुन्या धोतराचं निशाण घेऊन उभा असे. त्या निशाणाच्या रोखाने विमान कपाशीला जवळजवळ टेकून जायचं, बांधाशी आलं की झपकन वर उठायचं. तोवर कडूबा बाजूला सरून पुढच्या पट्ट्यासाठी उभा राहिलेला असे. औषधाने त्याचं निशाण आणि मिशा दोन्ही पांढरट झालेल्या असत.

विमानाचा आवाज आला की चांगुणाबाई हातातलं काम टाकून घराच्या मातीच्या धाब्यावर चढत. साहेबराव घरी आला की त्याच्याशी बोलायच्या आधी त्या माझ्याशी बोलत. "आणलंस का रं बाबा माझ्या लेकराला?" असं म्हणून माझ्या काचेवरून बोट फिरवत. मी नुसती टिकटिक करायचो, पण खरं सांगतो, इतकं प्रेमाने मला कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

खंडेनवमी आली. साहेबरावचे वडील पुंजाराम यांनी विळे, कुऱ्हाड, वखराची लोखंडी पास धुऊनपुसून पाटावर मांडली. चांगुणाबाईंनी लेकाच्या मनगटावरून मला सोडवलं.

"ह्याचं औत हेच. ह्याची बी पूजा झालीच पायजे."

त्यांना रामकिसनचं बोलणं आठवत होतं. घड्याळाला पाणी लागू द्यायचं नाही! म्हणून त्यांनी माझ्यापुरती हळद आणि कुंकू करडईच्या तेलात कालवलं. काचेला नाही, पट्ट्याला नाही, माझ्या वरच्या बटणालाच बोट भरून लावलं. लेकाला घरी आणणारं बटण तेच, हे त्यांना चांगलं माहीत होतं. मग झेंडूचं फूल वाहून त्यांनी मला हात जोडले.

पूजेतली अवजारं दसऱ्यापर्यंत हलवायची नसतात. मी विळ्याशेजारी ऐटीत पडून राहिलो. आजवर नवरदेवांनी नाकारलेला मी, आज देव झालो होतो! तेल हळूहळू बटणाच्या फटीतून आत झिरपत होतं, हळद घट्ट होत होती आणि मी आपला फुशारकीत होतो.

दसऱ्याचं सोनं वाटून झालं. दुसऱ्या दिवशी साहेबरावने रुमालाने माझी काच पुसली आणि आम्ही निघालो. उडताना त्याने बटण दाबलं. ते जड होऊन आत गेलं. काटा सुटला, पण बटण पुरतं वर आलंच नाही. थोड्या वेळाने विमान हादरलं, अडकलेलं बटण आतल्या आत सरकलं आणि माझा मोठा काटा थांबला.

तास-मिनिटांचे काटे चालूच होते. फक्त जो मोजणार होता तो गप्प झाला होता. साहेबराव मधूनच छोट्या गोलावर नजर टाकायचा. अजून वेळ आहे असं त्याला वाटायचं आणि तो पुन्हा निशाणाच्या रोखाने वळायचा. इतकं खाली उडताना डोळे बांधावरच्या बाभळींवर ठेवावे लागतात, माझ्याकडे निरखून बघायला सवड कुठली? मी ओरडलो असतो हो, पण घड्याळाला टिकटिकीपलीकडे भाषा नाही. धाब्यावर उभी राहिलेली ती माउली मला दिसत होती आणि मी तिचा लेक तिला परत देऊ शकेन की नाही, मला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात विमान वळवताना त्याचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. हातमोज्याचं टोक पिवळंजर्द झालं होतं, त्यात लाल ठिपका.

"हळद?" तो पुटपुटला.

आणि मग त्याने मला नीट बघितलं. मोठा काटा जागच्या जागी उभा होता. त्याने तास-मिनिटांचे काटे बघितले. मनगटाखालची नाडी मला जितकी कळते तितकी कुणालाच कळत नाही. त्याची नाडी एक ठोका चुकली आणि मग भरभर पडू लागली. त्याने विमान वर उचललं आणि धावपट्टीकडे वळवलं, पण उशीर झाला होता. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि बंद पडलं. समोर बाजरी काढून मोकळं झालेलं एक रान होतं. त्याने विमान तिथे उतरवलं. ढेकळांतून उड्या मारत ते पळालं आणि बांधाच्या अलीकडे थांबलं. सगळं शांत झालं. त्या शांततेत माझी टिकटिक मलाच मोठी वाटू लागली.

कडूबा निशाण खांद्यावर टाकून धापा टाकत आला. "काय झालं रं बाबू? लागलं का कुठं?"

"न्हाई काका. पेट्रोल संपलं."

"अन् हे घड्याळ?" त्याने माझं बटण बघितलं आणि त्याला सगळं उमगलं. "हे वहिनीचं काम! थांब, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगतो."

साहेबरावने त्याचा हात धरला. "काका, मायला बिलकुल सांगायचं न्हाई. तिनं जीव लावून केलं ते. हे कळलं तर ती रोज त्या धाब्यावर उभी राहून मरंल."

कडूबाने निशाणाची शपथ घेतली. पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं!

रामकिसनने मला उघडलं आणि कपाळाला हात लावला. "घड्याळाचं लगीन लावलं का काय तुम्ही?" त्याने आतला राळ झालेला तेलकट चिकटा काढला. बटणाच्या कडेला, बाहेरच्या खाचेत हळदीची एक बारीक रेघ राहिली होती. तीही तो काढणार, तोच साहेबराव म्हणाला, "राहू द्या तेवढी." ती रेघ कुठे अडत नव्हती, म्हणून राहिली. आजही आहे. तेव्हापासून साहेबराव उडताना माझे तास-मिनिटांचे काटेही बघून ठेवू लागला. एकाच काट्यावर भिस्त ठेवायची नाही, हे तो शिकला.

वर्ष गेलं, पुन्हा खंडेनवमी आली. साहेबरावने आदल्या दिवशीच सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून माझ्या दोन्ही बटणांवर ताणून बसवला होता. मला आईच्या हातात देताना तो दुसरीकडेच बघत होता.

चांगुणाबाईंनी ते रबर बघितलं. तेलाची वाटी त्यांनी हळूच मागे सारली. मग मला परत त्याच्या हातात ठेवलं, त्याचं मनगट धरलं आणि पट्ट्यामुळे जिथे पांढरा वळ पडला होता, नेमकं तिथे हळदकुंकू लावलं.

"मला सांगायचं होतंस रं. वर्षभर एकट्यानं गिळत बसलास."

"तुला कोणी सांगितलं?"

दारात उभ्या असलेल्या कडूबाला एकाएकी बैलांना पाणी दाखवायची आठवण झाली.

"माझ्याच हातानं तुझा जीव गेल्ता," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"गेला न्हाई ना, माय. हातमोजा पिवळा झाला म्हणून तर मी घड्याळाकडं पाह्यलं. तुझ्या हळदीनंच मला खाली आणलं."

तिने त्याचं मनगट दोन्ही हातांत धरून छातीशी लावलं. त्याच्या दुसऱ्या मुठीत मी होतो, आणि मला त्या दोघांचा फार हेवा वाटला.

आता एकोणऐंशी साल उजाडलं आहे. साहेबराव हैदराबादला मोठं विमान चालवतो. तिथे समोरच घड्याळांची रांग असते, म्हणून त्याने मला आईजवळ ठेवलं. माझी काच चरे पडून धुरकट झाली आहे, पट्टा दोनदा बदलला आहे. चांगुणाबाईंना वेळ वाचता येत नाही, पण रोज सकाळी त्या मला न चुकता चावी देतात. लेक सुट्टी संपवून फाट्यावर एसटीत बसला की घरी येऊन माझं वरचं बटण दाबतात. काटा सुटतो. किती वाजले याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. काटा फिरतोय म्हणजे लेकरू वर आहे, एवढंच त्यांचं गणित. आणि लेक आला की पाय धुवायच्याही आधी खुंटीपाशी येतो, बटण दाबून काटा थांबवतो आणि म्हणतो, "उतरलो गं माय."

शेजारची पोरं येतात, फिरणारा काटा बघतात आणि त्यांची बोटं शिवशिवतात. पाहुणे मला हातात घेऊन उलटसुलट करतात. तुम्हीही कधी या घरी आलात तर मला खुशाल वेळ विचारा, तबकडीवर धूळ असली तर पुसा. हळदीची ती रेघ मात्र कोरून काढू नका. आणि माझा काटा फिरताना दिसला तर वरच्या बटणाला हात लावू नका. ते दाबायला माणूस घरी येणार आहे.