सगळ्यांचा एकच धबधबा

"अगं नीला, यात काहीच नाहीये!"

उल्हासने स्टीलचा डबा टेबलावर उपडा केला. फिल्मच्या रोलच्या छोट्या काळ्या डब्या घरंगळत सगळीकडे पसरल्या. त्याने एकेक उघडून पाहिली, कानाशी हलवून पाहिली. सगळ्या रिकाम्या होत्या.

नीला बटाटे सोलत होती. तिने मान वळवली आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. "अरे देवा! म्हणजे दुसरा डबा सोलापूरला राहिला."

झालं होतं ते असं. सोलापूरला नीलाच्या वहिनीला या डब्यांचं भारी कौतुक. हळदकुंकू ठेवायला यासारखी वस्तू नाही, असं तिचं ठाम मत. म्हणून इथे अमेरिकेत, अर्विंगमधल्या झाडून सगळ्या मराठी घरांनी रिकाम्या डब्या नीलासाठी साठवल्या होत्या. त्या तिने एका स्टीलच्या डब्यात भरल्या. भारतात जाताना वाटेत जर्मनीत काढलेले रोल दुसऱ्या डब्यात, कारण स्टीलमधून विमानतळावरचा एक्स-रे जात नाही, असं कोणीतरी छातीठोकपणे सांगितलं होतं. दोन्ही डबे एकाच सेटमधले, जुळ्या भावांसारखे.

सोलापूरला फोन लावला, तर वहिनी खुशीत. "डब्या फार गोड आहेत हो वन्सं! मंगळागौरीला आलेल्या सगळ्यांना एकेक दिली बघा. आतल्या त्या पट्ट्या तेवढ्या काढून टाकल्या. पोरांनी त्या ओढून ओढून माळा केल्या की!"

उल्हास मटकन खुर्चीत बसला. शनिवारी त्याच्याकडे अख्खं मराठी मंडळ जेवायला येणार होतं, आणि जेवणानंतर त्याचा स्लाइड शो होता. आयुष्यातला पहिला.

तसा उल्हास एका कंपनीत पाइपांचे नकाशे काढायचा. पण मंडळात त्याची ओळख प्रोजेक्टरवाला हीच. प्रोजेक्टर मूळचा डॉक्टर जगन्नाथकाकांचा. भारतात जाताना फ्रँकफर्टला उतरून ब्लॅक फॉरेस्ट पाहून आलेले मंडळातले पहिले तेच. त्यांच्या स्लाइड्स पाहिल्या आणि सगळे ओळीने त्याच वाटेने निघाले. तोच ट्रायबर्गचा धबधबा, तेच टिटीझे तळं, डोंगरावर नेणारा तोच खुर्च्यांचा रोपवे. मंडळाचं महाबळेश्वरच झालं ते. पुढे काकांचे हात थरथरायला लागले, तेव्हा त्यांनी प्रोजेक्टर उल्हासच्या हवाली केला. "दुसऱ्यांचंच काय बघत बसतोस? जाऊन ये रे एकदा," असं ते दर वेळी म्हणायचे. पण तिकिटाचे पैसे, दीपाची शाळा, सोलापूरची लग्नं यांतून उल्हासला सवड मिळाली तेव्हा काकाच राहिले नव्हते.

इतकी वर्षं तो अंधारात मागे बसून बटण दाबत आला होता. पुढे पडद्याजवळ उभा असलेला माणूस ऐटीत म्हणायचा, "हं, पुढची, उल्हास!" एकदा, फक्त एकदाच, आपण पडद्याजवळ उभं राहावं आणि बटण दुसऱ्याने दाबावं, एवढीच त्याची हौस होती. आता तीही माळांमध्ये गेली होती.

"डॅड, जस्ट कॅन्सल इट," दीपा म्हणाली. बारा वर्षांच्या मुलीला सगळं सोपं वाटतं.

"कॅन्सल कसं करू? सुमित्राकाकू येतायत. काका गेल्यापासून पहिल्यांदाच कुठे येतायत त्या."

शनिवारी घर भरलं. श्रीखंड-पुरीवर सगळ्यांनी आडवा हात मारला, पडदा लागला, दिवे मालवायची वेळ आली. उल्हास पडद्याजवळ जाऊन उभा राहिला. त्याने डब्यांची हकीकत जशीच्या तशी सांगून टाकली.

नंदा खुदकन हसली आणि मागोमाग अख्खी खोली हसायला लागली. उल्हासला मात्र जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

तेवढ्यात नंदाचा नवरा प्रताप उठला. "अरे यार, रडतोस काय! धबधबा काय तुझ्या एकट्याचा आहे? माझ्याकडे आहे ना तो! दोन मिनिटांत आणतो. तू आपला बोल बिनधास्त."

"तळं माझ्याकडे आहे," संजीव म्हणाला. "पण त्यात माझी सासू आहे, चालेल?"

दोघे गाड्यांच्या किल्ल्या घेऊन धावले. त्या गडबडीत सुमित्राकाकूंनी उल्हासची बाही हळूच ओढली. "आमच्याकडेही आहेत रे. कपाटात वर आहेत, माझा हात पोचत नाही. मला घेऊन चल."

गाडीत त्या म्हणाल्या, "हे गेल्यावर उघडल्याच नाहीत बघ. काढणारे हेच, त्यामुळे सगळ्या फोटोंत मी. यांचा एकही नाही. मग काय बघायचं?"

सगळे परतल्यावर दिवे मालवले. दीपा बटणापाशी बसली. पडद्यावर ट्रायबर्गचा धबधबा कोसळू लागला आणि त्याच्यापुढे बेलबॉटम घातलेला, कल्लेवाला प्रताप.

"हा मी," उल्हास म्हणाला.

खोलीत हशा फुटला. "केस परत आले की रे तुझे!" कोणीतरी ओरडलं. आणि मग उल्हासची जीभ सुटली ती सुटलीच. धबधब्याजवळच्या बाकावर बसून त्यांनी दशम्या सोडल्या, तेव्हा शेजारच्या जर्मन आजोबांनी मोठ्या प्रेमाने लसणाची चटणी मागून घेतली आणि डोळ्यांतून पाणी काढत 'गूट, गूट' म्हणत संपवली. पाण्याचा आवाज इतका, की नीलाला हाक मारायची तर कानाशी जावं लागायचं.

"आणि तिथेही हे मला कानात काय म्हणाले, विचारा," नीला मागून म्हणाली. "म्हणे, कुलूप नीट लावलंयस ना?"

"पुढची, दीपा!" उल्हास म्हणाला. ते दोन शब्द उच्चारताना त्याचा ऊर भरून आला.

टिटीझे तळ्यात संजीवची सासू स्वेटर घालून पायडलच्या होडीत बसली होती. "ही नीला," उल्हासने जाहीर केलं. त्यांची होडी गोलगोल फिरत राहिली, कारण वळवायची दांडी नीलाला एकीकडे हवी होती आणि त्याला दुसरीकडे. शेवटी बदकंसुद्धा बाजूला होऊन बघत राहिली. संजीवच्या सासूकडे बोट दाखवून उल्हास इतक्या प्रेमाने "माझी बायको" म्हणत होता की संजीव हसून हसून सतरंजीवर आडवा झाला. स्वतःच्या स्लाइड्स असत्या तर निम्मीसुद्धा मजा आली नसती, हे उल्हासला मनोमन पटलं.

शेवटी काकूंच्या स्लाइड्सचा ट्रे आला. जुन्या स्लाइड्सचे पुठ्ठे वाकले होते, दीपाच्या हाताने त्या अडकायला लागल्या. "सरक, मी बघतो," म्हणत उल्हास पडद्यापासून निघाला आणि मागे आपल्या नेहमीच्या जागी येऊन बसला. त्या प्रोजेक्टरची नाडी त्यालाच ठाऊक होती.

रोपवे संपतो तिथलं डोंगरमाथ्यावरचं गवत. मागे काळ्याशार झाडांच्या रांगा. मधोमध सुमित्राकाकू, साडीवर लांब कोट, उन्हाने डोळे बारीक केलेले. आणि खालून, पार त्यांच्या पावलांपर्यंत, गवतावर एक लांब सावली आली होती. डोक्यावर टोपी, दोन्ही कोपरं बाहेर काढून डोळ्यापाशी धरलेला कॅमेरा.

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "हे आलेत की."

उल्हासने ही स्लाइड पूर्वी दाखवली होती. तेव्हा सगळ्यांनी डोंगर पाहिला होता, काकूंचा कोट पाहिला होता. काका तर तेव्हा शेजारीच बसलेले असायचे; सावलीकडे कोण बघतो?

काकू उठून पडद्याजवळ गेल्या. त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "टोपी बघ कशी घातलीये. वाकडी. मी सांगत होते तेव्हा."

कोणी "पुढची" म्हटलं नाही. उल्हासनेही बटण दाबलं नाही. प्रोजेक्टरच्या दिव्याच्या उष्णतेने जुनी स्लाइड हळूहळू फुगली, गवत पुसट झालं, सावलीची कड विरघळायला लागली. उल्हासने पुढे वाकून भिंग किंचित फिरवलं आणि काकांना परत जागेवर आणलं. थोड्या वेळाने ते पुन्हा पुसट झाले. त्याने पुन्हा फिरवलं.