अर्धी पानं

अंजनानं सुलाबाईच्या डोक्यावरची पाटी दोन्ही हातांनी ओढली आणि खाली आदळली. सुकी पानं सुलाबाईच्या पायांवर सांडली. मागं रानात दोरी बांधून आखलेल्या दहा चौकटींपैकी तीन झाडून झाल्या होत्या आणि चौथीत खराटा पडला होता.

"ही पानं उचलायला कुणी सांगितलं तुमाला?"

"सांगाय कशाला पायजे कुणी, आक्का?" सुलाबाई गोंधळली. "तरवा भाजाय नको? दर साली नेतोय की."

तरव्यावर, म्हणजे भाताची रोपं टाकायच्या वाफ्यावर, पानं पसरायची आणि जाळायची, ही खानापूरकडच्या या रानातली जुनीच रीत. शहापुरात हातमागांच्या खटखटीत वाढलेल्या अंजनालाही ती ऐकून ठाऊक होती. पण आत्ता तिच्या कानात दोनच शब्द शिरले. दर साली.

चार वर्षांपूर्वी, एक्क्याऐंशी साली, देशातल्या बारा रानांत एक काम सुरू झालं होतं. सगळीकडं एकाच पद्धतीनं, आखलेल्या चौकटींत गळालेली पानं तोलायची आणि आपले आकडे बाकीच्या अकरांना पाठवायचे. बेळगावच्या एका कॉलेजातले कदम सर इथले प्रमुख. एसटीनं येऊन तोलायचं काम मात्र अंजनाचं. माघात एकदा तोलायचं, मग वैशाखात. बाकी अकरा रानांत पाऊस पडेपर्यंत पानं जिथल्या तिथं राहत, आणि इथं मात्र पावसाआधीच निम्मी गायब होत. वाळवी, असं सरांनी ठरवलं. दोन रानांतल्या लोकांनी हे वाचून आपल्याकडंही वाळवी खणायला घेतली. अंजनाचा डॉक्टरेटचा प्रबंध याच वाळवीवर उभा होता, आणि तो टाइपही झाला होता. आज ती अवेळी, चैत्रातच आली, ती प्रबंधात लावायला चौकटींचे फोटो हवेत म्हणून.

"किती नेता?"

"निम्मीच. सगळी नेली तर तुमी काय तोलणार? ऱ्हायलेली सारखी पसरून ठेवतोय. बोडकं दिसाय नको."

"बाहेर एवढं रान पडलंय! चौकटीतलीच कशाला?"

"आत ढोरं येत न्हाईत. पानं सोच्छ ऱ्हात्यात."

"राखणीला ठेवलंय तुमाला, राखणीला!" अंजना किंचाळलीच. "चार वर्षं मातीत घातली माझी! अक्कल गहाण ठेवली होती काय?"

सुलाबाईनं पायांवरची पानं झटकली. आता तिचाही आवाज चढला.

"एक ढोर आत आलं? एक फांदी तुटली? जावंच्या म्हशीला काठी घातली मी, ती अजून बोलत न्हाई माझ्यासंगं. ढोर नको, कुराड नको, असं सर म्हणालते. पानांचं नाव काढलं कुणी? चार सालं तुमच्यासंगं तागडी धरतोय. कशाला तोलतोय, एकदा तरी सांगितलंसा?"

मग अंजनानं सांगितलं. चार वाक्यांत झालं सगळं. पान गळतं, कुजतं, मातीला मिळतं. याला किती दिवस लागतात ते बघायचंय.

"एवढंच व्हय?" सुलाबाई म्हणाली. "मग वड्याकाठची नेली असती की."

परतीच्या एसटीत अंजना खिडकीचा गज धरून बसली. राग सुलाबाईवर काढायचा होता आणि तो काही केल्या तिकडं जाईना.

सरांनी सगळं ऐकलं आणि चष्मा पुसला.

"फोटो काढू नकोस म्हणजे झालं."

"सर, ती वाळवी नाही. खराटा आहे."

"ते तुला कळलं, मला कळलं. बाकीच्या अकरांना कळायचं कारण नाही. सरासरीत जिरून जाईल."

"दोन ठिकाणी लोक आपल्यामुळं जमीन खणतायत."

"खणू देत. वाळवी कुठंही सापडते." सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुझा प्रबंध टाइप झालाय, अंजना. एका अडाणी बाईपायी तो पाण्यात घालणार?"

"अडाणी कशी? आपण तिला सांगितलंच नाही."

"राखणदाराला काय सांगायचं असतं?"

अंजनाला सरांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. कारण चार वर्षं तीही नेमकं हेच समजून वागली होती, फक्त तोंडानं बोलली नव्हती. ती दार आपटून बाहेर पडली.

तिनं अकरा पत्रं हातानं लिहिली. आमचे चारही वर्षांचे आकडे खोडून टाका. दर चैत्रात निम्मी पानं तरव्यासाठी नेली जात होती. चूक राखणदारीणबाईंची नाही, त्यांना काम काय आहे हे आम्ही कधी सांगितलं नव्हतं. खाली स्वतःची सही केली. सरांचं नाव घातलं नाही. बेळगाव कॅम्पातल्या पोस्टात जाऊन तिनं पत्रं टाकली.

सरांनी बोलणं सोडलं. प्रयोगशाळेची किल्ली तिच्याकडून परत गेली. प्रबंधाचा गठ्ठा घरी मागाशेजारी येऊन पडला. आईनं तो फडक्यानं झाकला.

तीन आठवड्यांनी शिरसीकडच्या रानातून एक कार्ड आलं. कानडीत, घाईघाईनं लिहिलेलं. अंजनानं ते मागापाशी उभ्यानंच वाचलं.

'तुमचं पत्र मिळालं. काल आमच्या राखणदाराला विचारलं. चार वर्षांत पहिल्यांदाच. पानं कमी दिसू नयेत म्हणून तो बाहेरची आणून चौकटींत टाकत होता. आमचेही आकडे वापरू नका.'

त्याच आठवड्यात अशीच आणखी पाच कार्डं आली.