पूवम्माला कुणी ढकललं

पूवम्माचं देऊळ विहिरीच्या काठाला चिकटून आहे आणि तिची गोष्ट आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगतं. सात भावांची एकुलती बहीण. कुंभाराच्या मुलावर तिचा जीव जडला. भावांनी गोड बोलून तिला विहिरीशी नेलं, पाणी किती खोल गेलंय बघ म्हणाले, ती वाकली आणि मागून ढकललं. पुढे गुरं मेली, पाळणे रिकामे झाले, तेव्हा कुठे सातजणांना बहीण आठवली. दगड बसवला, हळद फासली आणि तिला आई म्हणायला लागले. अशी आमची भक्ती.

त्या घराण्याला तेव्हापासून एक शिक्षा आहे. आडी महिन्यातल्या, म्हणजे आषाढ-श्रावणातल्या जत्रेत भर दुपारी, घुंगरं बांधलेल्या मोठ्या धनुष्यावर ताल धरून देवीचं गाणं म्हणतात. गाणं विहिरीपाशी आलं की थांबतं. घराण्याची थोरली सून ओलेत्यानं पुढे बसलेली असते. गाणारी तिला तीनदा विचारते, "पूवम्माला कुणी ढकललं?" तिनं तीनदा सांगायचं, "आमच्याच माणसांनी."

सासू वारली आणि यंदा ही जागा वडिवूकडे आली.

वडिवूची लेक शेनबगम आठ महिन्यांपूर्वी मळ्यातल्या विहिरीत गेली. नर्सिंग शिकत होती. पलीकडच्या वस्तीतल्या मुलाशी लग्न करणार म्हणून तिनं घरात स्पष्ट सांगितलं होतं. पाय घसरला, असं गाव म्हणालं. वडिवूनं मागच्या दारातून पाहिलं होतं, नवरा आणि धाकटा दीर सुडलै पोरीला दंडाला धरून नेत होते. पोलिसांनी तिला विचारलं ते नवऱ्यादेखत, आणि उत्तर त्यानंच दिलं. त्यानंतर तिला कुणी काही विचारलं नाही. ती आठ महिने या एका दुपारची वाट बघत होती. सगळं गाव समोर असेल, आणि विचारल्यावर ऐकावंच लागेल.

सुडलैला कुणकुण लागली असावी. सकाळी तो म्हणाला, "वहिनी, ठरलेलं तेवढं बोलायचं आणि उठायचं. तुम्हाला इथंच दिवस काढायचेत."

म्हातारी आवुडै गायला होती. तिनं पहिल्यांदा विचारलं, वडिवूनं ठरलेलं उत्तर दिलं. दुसऱ्यांदाही दिलं. तिसऱ्यांदा तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं.

"माझ्या शेनबगमला ढकललं," ती म्हणाली. "तिच्या बापानं आणि काकानं. कार्तिकातल्या मंगळवारी. ती मला हाका मारत होती. मी दारातून हलले नाही."

धनुष्याची दोरी थांबली. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. वडिवूला वाटलं, झालं, पोहोचलं एकदाचं.

तेवढ्यात सुडलै पुढे धावला आणि धाडकन तिच्या पायांवर पडला.

"आई आली," तो ओरडला. "वहिनीच्या अंगात आई आली."

ढोल सुरू झाले. बायकांनी तिच्या डोक्यावर हळदीचं पाणी ओतलं. अंगात कुणी नाही, मी वडिवू बोलतेय, असं ती जीव तोडून सांगत राहिली. ती जितकं सांगे तितके ढोल वाढत. मग नवरा आला. आठ महिन्यांत त्यानं बायकोकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. आता तिच्या पावलांवर कपाळ घासून तो ढसाढसा रडला. "आई, चुकलं आमचं. पदरात घे."

बायकोशी हे त्याला कधी बोलता आलं नसतं. मेल्याला देवीच लागली.

संध्याकाळपर्यंत पंचांचं ठरलंही. पोरगी जागा मागतेय, मळ्यातल्या विहिरीवर दगड बसवायचा. दोघी बायका तर शेनबगमसाठी हिरव्या बांगड्या घेऊन आल्या, एकीच्या सुनेला मूल हवं होतं.

आवुडै धनुष्याची घुंगरं सोडवत बसली होती. पुढच्या वर्षी शेनबगमचंही गाणं हवं, असं तिला पंचांनी सांगितलं होतं. तिनं वडिवूला हळूच विचारलं, "पोरीला काय आवडायचं गं?"

वडिवूच्या अंगावरची हळद वाळून तडकत होती. तिनं उलट विचारलं, "अक्का, पूवम्माला नेलं तेव्हा तिची आई कुठे होती?"

आवुडै चाळीस वर्षं ते गाणं गात होती. तिनं ते ओठांतल्या ओठांत पहिल्यापासून म्हणून पाहिलं.

"गाण्यात आई नाही," ती म्हणाली.

वडिवू उठली, लुगडं झटकलं आणि घराकडे निघाली. घरी नवरा आणि सुडलै जेवायचे थांबले होते.