वारो खंयसून?

सत्तावन्न साली मी परळच्या भोईवाड्यात मुलींच्या एका शाळेत शास्त्र शिकवत होते. घर गिरगावात, आडनाव प्रभू आणि राग नाकाच्या शेंड्यावर. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला शिवाजी पार्कवर जायचं, घोषणा देऊन घसा बसवून यायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच घशाने वर्गात ओरडायचं, "शुद्ध बोला गं!" यात काही विसंगत आहे हे माझ्या गावीही नव्हतं.

त्या वर्षी आमच्या मुख्याध्यापिका आनंदीबाईंनी मला बोलावून बजावलं, "तपासणीला येणाऱ्या साहेबांचं मत आहे की पदार्थविज्ञान मराठीत शिकवताच येत नाही. वर्ग कच्चा निघाला तर शास्त्र बंद आणि मुलींना शिवणकाम." म्हणजे माझ्या बत्तीस मुलींची कॉलेजात सायन्सला जायची वाटच बंद. मी आणखी जोरात शिकवू लागले. म्हणजे आणखी जोरात ओरडू लागले.

ओरडा बहुतेक मालनच्या वाट्याला यायचा. तिचे वडील रामजी पूर्वी मालवणला गलबतावर होते, आता गिरणीत साच्यावर कापड विणायचे. पोरगी हुशार, पण तोंडातली मालवणी जाईना. चाचणीत मी गणित घातलं: गलबत ताशी आठ मैल जातं, वारा त्याला ताशी चार मैल ढकलतो, तर तासाभरात गलबत किती मैल जाईल? सगळ्या वर्गाने लिहिलं, बारा. मालनने लिहिलं, "वारो खंयसून?" मी भोपळा दिला. वर तिचा पेपर वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. मुली खिदळल्या.

"उत्तर लिहायचं की मलाच प्रश्न विचारायचा?" मी म्हटलं.

"बाई, वारा कुठनं येतोय ते तुम्ही लिहिलंच नाही," मालन खाली बघत म्हणाली. "समोरनं असला तर चारच मैल होतील. बाबा म्हणतात, वारो किती ता मगे सांग, आधी खंयसून ता सांग."

चूक माझी होती, आणि ती गलबतावरच्या माणसाने गिरणीतून पकडली होती. सगळ्या वर्गासमोर भोपळा खोडून मी पैकीच्या पैकी गुण दिले. लाज वाटली, ती लपवलीही नाही.

पुस्तकात व्हेक्टर आणि स्केलर अशी इंग्रजी नावं होती, ती मुलींच्या डोक्यावरून जात. आता मुलींनीच वाटणी केली. शेरभर दूध, अर्धा तास, एकशे दोन ताप: यांना 'खंयसून' विचारलं तर लोक हसतील. धक्का, ओढ, वारा: यांना विचारलं नाही तर गलबत खडकावर. पहिल्या गोष्टी, पुस्तकातले स्केलर, बिनखंयसूनच्या; दुसऱ्या, पुस्तकातले व्हेक्टर, खंयसूनवाल्या. मी एकदाही "शुद्ध बोला" म्हटलं नाही.

साहेब आले. कोट, टाय, हातात वही. पहिलाच प्रश्न इंग्रजीत, "व्हॉट इज अ व्हेक्टर?" वर्ग गप्प.

"बघा," साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "मराठीत या गोष्टींना शब्दच नाहीत."

मग दया आल्यासारखं त्यांनी मराठीत विचारलं, "बरं, सोपं सांगतो. दोन हमाल एक गाडी ओढताहेत. एकाची ओढ तीस पौंड, दुसऱ्याची चाळीस. एकूण ओढ किती?"

बत्तीस मुली एका सुरात म्हणाल्या, "खंयसून?"

त्यात दादरहून येणाऱ्या, भाषेला इस्त्री केलेल्या लीला आणि शकूही होत्या.

"काय?" साहेबांनी विचारलं.

मालन उठली. "दोघं एकाच बाजूनं ओढत असले तर सत्तर, साहेब. समोरासमोरनं असले तर दहा. आणि एक गाडीच्या नाकासमोर, दुसरा काटकोनात असला तर पन्नास." तिने फळ्यावर तीन, चार आणि पाचाचा त्रिकोण काढला, प्रत्येक रेघेला बाणाचं टोक दिलं. "दिशा सांगितल्याशिवाय उत्तर नाही."

साहेबांनी तो त्रिकोण वहीत उतरवून घेतला. "हा 'खंयसून' शब्द कुठल्या पुस्तकातला?"

"पुस्तकातला नाही," मी म्हटलं. "मालवणी आहे. म्हणजे मराठीच." शिवाजी पार्कवर सुद्धा माझा आवाज इतका ताठ निघाला नव्हता.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. शास्त्राचा वर्ग चालू ठेवावा, मुलींना विषयाची उत्तम समज आहे. मजकूर सगळा इंग्रजी, टाइप केलेला. मधे एका ओळीत जागा कोरी सोडून तिथे शाईने, देवनागरीत एकच शब्द लिहिला होता.

मालनचा पेपर जिथे उभी राहून वाचला होता, तिथेच उभी राहून मी अहवाल वाचला. मग कागद तिच्या हातात दिला. तिने त्या एका शब्दावरून बोट फिरवलं, अनुस्वार पाहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "शुद्ध लिहिलंय, बाई."