टाकसाळ बंद असताना

गावात त्या शेडला सगळे टाकसाळ म्हणत. नाव कुणी ठेवलं ते सांगता येणार नाही, पण ठेवलं ते थट्टेनंच. मुरुड सोडून आत वळलं की सहा किलोमीटरवर गाव, आणि गावाच्या तोंडालाच अमृतरावांची जुनी पोल्ट्री. रोग येऊन कोंबड्या गेल्या आणि तीन वर्षांपूर्वी तिथं लातूरहून ट्रकभर यंत्रं उतरली. बुटाच्या खोक्याएवढं एकेक यंत्र, त्याला दोन्ही बाजूंनी पंखे. ती काय करतात असं विचारलं की अमृतराव म्हणायचे, "नाणी काढतात." नाणं कुणाच्या दृष्टीस पडलं नाही. शेडमधून बाहेर यायची ती गरम हवा आणि घरघर.

ही घरघर दिवसरात्र चाले. लग्नात मंगलाष्टकं माईकवर ओरडून म्हणावी लागत. शेडमागच्या लिंबाची पानं भर श्रावणात पिवळी असत. पंख्यांना थंड हवा मिळावी म्हणून भिंतीला ओल्या जाळ्या लावल्या, त्यांच्यासाठी दोन बोअर पाडले, आणि त्याच उन्हाळ्यात खालच्या आळीचा हापसा कोरडा वाजू लागला. माणसं चार महिने बोलली, मग सरावली. इतकी सरावली की त्या आवाजाचा उपयोग करू लागली. घरघर थांबली की बायका म्हणायच्या, "गेली बघा लाईट." घरघर सुरू झाली की माणसं मोटारीचं बटण दाबायला शेताकडे निघायची. बल्बकडे बघायचं गावानं सोडूनच दिलं होतं.

अयोध्याचे वडील, व्यंकटी, गावचे झिरो वायरमन होते. वीज कंपनीच्या कागदावर वायरमन म्हणून नाव पिराजीचं. पण पिराजीकडे सात गावं, गुडघे गेलेले आणि वजन शंभराच्या पुढं. खांबावर चढायचे ते व्यंकटी. त्यांना पगार नाही, हुद्दा नाही, हातमोजेसुद्धा पिराजीचे जुने. सुगीत घरटी चार पायल्या ज्वारी मिळे आणि कुणी जाता-येता "व्यंकटीमामा, सांभाळून" म्हणे. अशी सव्वीस वर्षं काढून ते चैत्रातल्या एका दुपारी पोल्ट्रीजवळच्या खांबावर गेले आणि वरच राहिले. त्यांना खाली काढायला दोन तास लागले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भागवतानं एक टाईप केलेला कागद आणून बहिणीपुढं ठेवला. अयोध्या नांदेडला ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवते. कागद आला की तो आधी पूर्ण वाचायचा, ही तिची खोड. तिनं तो वाचला. 'मयत व्यंकटी हे विनापरवाना विजेच्या तारेवर आकडा टाकत असताना स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मरण पावले. वारसांची कोणाविरुद्धही तक्रार नाही.' खाली तीन वारसांची नावं. आईच्या, सुभद्राबाईंच्या नावापुढं आधीच अंगठा उठलेला होता.

"माय, तू हे ऐकलंस का, काय लिहिलंय ते?"

सुभद्राबाई तांदूळ निवडत होत्या. "वाचून दावलं भागवतानं."

"आबांनी चोरीचा आकडा टाकला म्हणून लिहिलंय. सबंध गावात एकाला आकडा टाकू दिला नाही त्यांनी. सख्ख्या मेव्हण्याचा काढून फेकला होता."

"मेलेल्या माणसाला काय कळतंय," सुभद्राबाई म्हणाल्या. ताटलीवरून मान वर केली नाही.

"कागद कुणी केला?" तिनं भावाला विचारलं.

"अमृतरावाच्या वकिलानं. आक्का, उद्या लातूरहून विद्युत निरीक्षक येणार हायत जागा बघायला. त्याच्या आदी सही पायजे." भागवत दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तेरा दिवसांत तो घरात कुठं बसलेला तिनं पाहिला नव्हता. जेवायचासुद्धा उभ्यानं.

"त्या दिवशी लाईन बंद होती की चालू?"

"सही कर आक्का," भागवत एवढंच म्हणाला आणि ड्युटीवर निघून गेला. टाकसाळ तिसऱ्या दिवसापासूनच पुन्हा सुरू होती, आणि तिथं यंत्रांवर लक्ष ठेवायला भागवतच होता. उदगीरहून बीसीए होऊन सहा वर्षं बसून काढल्यावर मिळालेली ती पहिली नोकरी.

अयोध्या पिराजीच्या घरी गेली. तो ओसरीवर पाय पसरून बसला होता. तिला पाहून उठायची धडपड करू लागला.

"बसा काका. मला एकच सांगा. आबा चढले तेव्हा लाईन बंद होती का?"

"बंद म्हंजे? मीच परमिट घेतलं की सबस्टेशनला. तीन चाळीस ते साडेचार. रजिस्टराला लिव्हल्यालं हाय. जंप उडाला व्हता खांबावरला, दोन तारांमदला जोड, त्यो जोडला की झालं. पाच मिनटाचं काम, अयोध्ये."

"मग करंट कुठून आला?"

पिराजीनं टाकसाळीकडं नुसती हनुवटी केली. घरघर ओसरीपर्यंत येतच होती.

"जनरेटर," तो म्हणाला. "लाईट गेली की जनरेटर लावायच्या आदी चेंजओव्हरचा खटका वढावा लागतो. खटका वढला की शेड तारेपासून तुटतंय. न्हाई वढला तर जनरेटरचा करंट उलटा तारेवर चढतोय. आन मदी डीपी, ट्रान्सफार्मर. डीपीला काय, ती उलटी बी चालती. खालून चारशे व्होल्ट घातला की वर अकरा हजार."

"आबा तर आधी तारेवर साखळी टाकून बघायचे, करंट आहे का म्हणून."

"दर बारीला. त्या दिशी साखळी पोत्यातच ऱ्हायली. मी म्हणलं, मामा, भागवताला फोन लावा आदी, चढलाव म्हणून सांगा. पयलं लावायचेच की. तर मला म्हणले, 'त्याला काय इचारायचं? टाकसाळ गप हाय, ऐकू येत न्हाई का तुला? लाईन मेल्याली हाय.'" पिराजीनं डोळे पुसले. "मी बी कान दिला. गप व्हती. मी बी हाव म्हणलो."

"उद्या साहेबांपुढं हे सांगाल?"

"मपली नौकरी जाती गं. कंपनीचा माणूस नसताना खांबावर चढवला म्हणून." तो गुडघे चोळू लागला. "रजिस्टर हाय. रजिस्टर बघा म्हणाव त्यास्नी. मी बोलन का न्हाई, मला आज सांगता येत न्हाई."

ती परत निघाली. आबांनी मुलाला फोन का केला नसेल हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

माघात त्यांचा नांदेडला फोन आला होता. "अयोध्ये, तू भूगोल शिकवतीस. ह्या टाकसाळीला लाईट येती ती कुठून?" तिनं सांगितलं होतं. रात्री परळीचा कोळसा. दिवसा गायरानावर शेतकऱ्यांच्या पंपांसाठी बसवलेल्या सोलरची, कारण कनेक्शन अजून पोल्ट्रीच्या नावावर, म्हणजे शेतीतच धरलेलं आहे. भर उन्हाळ्यात दोन्ही नसलं तर कधीमधी जनरेटरचं डिझेल. व्यंकटींनी थोडा विचार केला होता. "म्हंजे कोळसा जाळून ऊब करायची, त्या उबेची लाईट करायची, ती शंभर किलोमीटर तारेनं आणायची, आन शेडात पुन्ना तिची ऊबच करायची?"

"तसंच आबा."

"आन नाणं?"

"ते एक गणित असतं. जगभरातली यंत्रं ते सोडवायची शर्यत लावतात. जो जिंकेल त्याच्या नावावर नाणं लागतं."

"ऊब इकली असती तर थंडीत आपण बी घेतली असती की पोतंभर," आबा म्हणाले आणि दोघंही हसली होती.

तिनं मग अशा शेडांबद्दल ठिकठिकाणचं लिहून आलेलं जमवून, त्याचं मराठी करून त्यांना पाठवलं. कुठं किती कोळसा, किती पाणी. चांगली बारा पानं. तिला बरं वाटलं होतं, वडिलांना काहीतरी समजावून दिल्याचं. व्यंकटींनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि भागवताला सांगितलं, ती नोकरी सोड. भागवत म्हणाला, "तुमी सव्वीस साल फुकट खांबावर चढलाव. मला पगार हाय." तेव्हापासून बापलेक बोलत नव्हते. सुभद्राबाई दोघांना वेगवेगळ्या वेळी वाढायच्या.

ती शेडकडं वळली. दार उघडताच भट्टीसारखा झोत तोंडावर आला. फळ्यांवर फळ्या, हिरवे दिवे, पंखे. जाळ्यांमधून पाणी गळत होतं आणि जमिनीला पोचायच्या आत आटत होतं. भागवत बनियनवर होता. त्याच्याशी बोलायला तिला त्याला बाहेर, मागच्या भिंतीशी न्यावं लागलं.

"पिराजीकाकांकडून आले मी," ती म्हणाली.

भागवत खाली बसला. तेरा दिवसांत पहिल्यांदा.

"मशीन बंद पडल्या की पंखे बंद. उन्हाळ्यात धा मिनटात आत पन्नासच्या वर जातंय, आक्का. बोर्ड जळतेत. अमृतरावाचा फोन आला, जनरेटर लाव, लाव म्हणून. चेंजओव्हरचा खटका महिन्यापासून अडकून बसलाय, दोनदा सांगितलं त्यास्नी. हातोडीनं ठोकून बघितला. हललाच न्हाई. ते म्हणले, तसाच लाव, लाईन तर बंदच हाय, कुणाचं काय जातंय." त्यानं दोन्ही तळहात मातीत दाबले. "मला काय म्हाईत आबा वर हायत. दर बारीला फोन करायचे ना. 'भागवता, मी चढलोय, हात लावू नको.' बोलणं बंद असलं तरी त्येवढा फोन करतेल वाटलं; आला न्हाई म्हणून मी म्हणलं, कुणी न्हाई."

आतून पंखे वाजत होते. अयोध्याला त्याच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. तिनं ठेवला नाही.

"उद्या हे सांग."

"मला आत टाकतेल."

"आणि अमृतरावांनाही टाकतील. सांगितलं त्यांनी, खटका दुरुस्त त्यांनी केला नाही."

"त्यास्नी कोण आत टाकतंय?" भागवत म्हणाला. हे तो चिडून बोलला नव्हता.

घरी सुभद्राबाईंनी तिला बोलूच दिलं नाही. त्यांना सगळं माहीत होतं. आबा गेले त्याच रात्री मुलानं पायाशी पडून सांगितलं होतं. "एक गेला. दुसरा मी हातानं दिऊ का? तू जाशील नांदेडला तुपल्या पुस्तकात. ती पानं कुणी धाडली व्हती? त्या पानांपायी त्यांचं बोलणं मोडलं." आणि मग, हळू आवाजात, "त्येच्यावर बी, तुपल्यापायी झालं म्हणून, सही करायला लावते का मी तुला? मंग ह्याच्यावर कर की."

अयोध्या रात्रभर जागी होती असं नाही. पहाटे तिला झोप लागली. उठली तेव्हा कागद उशाशी होता. तिनं सही केली नव्हती.

विद्युत निरीक्षक अकराच्या सुमाराला आले. शांत, काटकुळे गृहस्थ, हातात पुठ्ठ्याला चिमटवलेले फॉर्म. खांबाखाली गाव जमलं होतं. अमृतराव पांढऱ्या गाडीच्या सावलीत. पिराजी गर्दीच्या मागं. निरीक्षकांनी खांब पाहिला, डीपी पाहिली, शेडमध्ये जाऊन आले आणि घाम पुसत म्हणाले, "चेंजओव्हर हलत नाही तुमचा."

"कालच अडकला," अमृतराव म्हणाले. "साहेब, वारसांचा जबाब तयार आहे. मयत आकडा टाकत होते."

निरीक्षकांनी वारस कोण म्हणून पाहिलं. सुभद्राबाई पदर डोळ्यांपर्यंत ओढून उभ्या. भागवत त्यांच्या शेजारी.

"मी मुलगी," अयोध्या म्हणाली. "तो जबाब माझा नाही. वडील परमिट घेऊन बंद केलेल्या लाईनवर जंप जोडत होते. सबस्टेशनचं रजिस्टर बघा, तीन चाळीस ते साडेचार."

"परमिट कुणाच्या नावावर?"

मागून पिराजीचा आवाज आला, "मपल्या." तेवढंच.

"जनरेटर कुणी लावला?"

तिला वाटलं होतं या प्रश्नाला भागवत बोलेल. तिनं थांबून पाहिलं. त्याची नजर जमिनीवर होती आणि आईनं त्याचं मनगट घट्ट धरलं होतं.

"माझ्या भावानं," अयोध्या म्हणाली. "मालकांनी फोनवर सांगितलं म्हणून. खटका महिन्यापासून अडकलेला होता."

"खरं आहे का?" निरीक्षकांनी भागवताला विचारलं.

सुभद्राबाईंचा हात त्यानंच सोडवला. "हाव," तो म्हणाला.

निरीक्षक उभ्याउभ्याच लिहीत राहिले. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं. 'मयत हे परवानगीने बंद केलेल्या वाहिनीवर दुरुस्तीचे काम करीत असताना...' अयोध्यानं ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी पुन्हा वाचलं. तिनं सही केली. नातं लिहायच्या रकान्यात 'मुलगी' लिहिलं आणि त्याखालच्या, जबाबात नाव आलेल्या इसमाशी नातं लिहायच्या रकान्यात 'बहीण'.

दुपारी मुरुडहून पोलीस आले आणि भागवताला घेऊन गेले. अमृतरावांना त्यांनी सवडीनं यायला सांगितलं. सबस्टेशनवरून पोल्ट्रीचं कनेक्शन तोडायचा हुकूम आला; तो पाळायला पिराजी शिडी घेऊन आला, पण त्याला चढवेना, आणि गावात दुसरं कुणी पुढं झालं नाही.

संध्याकाळी भागवताचा डबा न्यायचा होता. अयोध्यानं पीठ मळलं, चार भाकरी केल्या, पिठलं केलं. डबा भरायला घेतला तेव्हा सुभद्राबाई आतून आल्या. त्यांनी दुसरी परात घेतली, पिठाच्या डब्यातून वेगळं पीठ काढलं, आणि लेकीच्या शेजारीच चुलीपुढं बसून नव्यानं चार भाकरी थापल्या. त्या भरल्या. डबा फडक्यात बांधून, चपला घालून, त्या एकट्याच फाट्याकडं रिक्षा बघायला निघाल्या.

अयोध्याच्या भाकरी टोपल्यात होत्या तशाच राहिल्या. त्या रात्री घरात जेवायला दुसरं कुणी नव्हतं.