माझ्यात न मावलेले गाव

मित्रांनो, हातात धरून गेम खेळायचा मी एक जुना कन्सोल आहे. माझी बॅटरी फुगली आहे, बटणे सैल झाली आहेत. माझे भाऊ दुकानांतून मुलांच्या हाती गेले. मला मात्र बांडुंग शहरातल्या एका छोट्या गेम कंपनीने चाचणीसाठी ठेवून घेतले. मोठ्या संगणकासाठी बनवलेला एक गेम तिथे माझ्यात बसवायचा होता.

त्या गेममधले गाव इमास नावाच्या चित्रकार बाईंनी रंगवले होते. ते त्यांचेच गाव. धरण झाले आणि ते पाण्याखाली गेले. त्यांचे म्हातारे वडील, अबाह, अंथरुणाला खिळले होते. इमास त्यांना गावाची चित्रे दाखवत, पण अबाहंना त्या वाटांवरून स्वतः चालायचे होते. संगणकासमोर बसणे त्यांना जमत नव्हते. मी त्यांच्या हातात मावलो असतो.

प्रोग्रॅमर दादांगने ते गाव माझ्यात भरले, तेव्हा मी भयंकर तापलो. चित्र अडखळले आणि पडदा काळा झाला.

"तेह इमास, याचा जीव केवढा, आणि तुम्ही याच्या डोक्यावर अख्खं गाव ठेवताय! भात शिजेल याच्यावर." दादांग इमासना 'तेह', म्हणजे ताई, म्हणायचा.

"मग शिजव. पण माझ्या घरांना हात लावलास तर बघ."

हात लावावाच लागला. आधी नदीतली प्रतिबिंबे गेली, मग सावल्या, मग लांबची बांबूची बने. तरी मी धापाच टाकत होतो. शेवटी दादांगने सगळ्या घरांना एकाच नमुन्याची भिंत आणि दार दिले. मी सुरळीत चालू लागलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माझी पाठ थोपटली. इमास मला घरी घेऊन गेल्या.

अबाहंनी पडल्यापडल्या मला चालवले. नदीकाठाने वर गेले, मशिदीला वळसा घातला आणि थांबले.

"नेंग, पोरी, आपलं घर कुठलं गं?"

"समोरचंच की, अबाह."

"हे? अगं, शेजारच्या कार्ताचंही असंच दिसतंय. त्या आळशाच्या दाराला फळ्या कुठे होत्या? पोतं टांगायचा तो!" ते हसले, मग पडद्याजवळ डोळे नेले. "आपल्या दारावर तुझ्या आईनं सुरीनं तुमची उंची कोरली होती. ती कुठाय?"

"यात मावली नाही, अबाह."

अबाहंनी मला पांघरुणावर उपडे ठेवले. "राहू दे. एकदा बुडताना बघितलंय मी."

इमासनी हे ऑफिसात सांगितले, तेव्हा दादांगचा चेहरा उतरला. त्याने बाकीचे गाव धुक्यात झाकले आणि फक्त ती एक गल्ली माझ्यात पुन्हा बसवली, घर जसेच्या तसे, दारावरच्या खुणांसकट. एकोणीस दिवस लागले. मी जराही अडखळलो नाही.

अबाह बाराव्या दिवशी वारले होते.

इमासनी एकदाच मला सुरू केले. त्या दारापाशी जाऊन खूप वेळ उभ्या राहिल्या. मग मला बंद करून कपाटात ठेवले. तेव्हापासून मी इथेच आहे.

मित्रांनो, मोठे काही लहान करायची वेळ तुमच्यावरही येईल. माझ्यासारख्याची ताकद थोडी असते, काहीतरी टाकावेच लागते. पण कात्री लावण्याआधी ते ज्याचे आहे त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, यातले काय ठेवू? अबाहंना कुणीच विचारले नाही. त्यांना एक दार हवे होते. तेवढे मला पेलले असते.